मंडळींचा गूळ

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं तेव्हा ते एका लोखंडी टाकीला कान लावून उभे होते. अंगात गंजीफ्रॉक, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, डोळे मिटलेले. मी नुकताच बदलून आलेला दारूबंदीचा इन्स्पेक्टर. अंगावर खाकी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि वय अठ्ठावीस, म्हणजे आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही असं वाटण्याचं. मी बूट वाजवत पुढं गेलो आणि विचारलं, "इथले केमिस्ट कोण?"

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. "गप ऱ्हावा जरा. जेवत्यात."

"कोण जेवतंय?"

"मंडळी," ते म्हणाले आणि कानाएवढी जागा मला करून दिली.

टाकीला कान लावावा असं माझ्या नोकरीच्या नियमांत कुठं लिहिलेलं नव्हतं. तरी मी लावला. आत बारीक आवाज चालला होता, दूर कुणाच्या तरी चुलीवर भात रटरटत असावा तसा. मी कान काढला तर कानाला गंज लागलेला. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं तो पुसला, अगदी पोराचं नाक पुसावं तसा, आणि मग म्हणाले, "बोला इन्स्पेक्टर, काय काम काढलं?"

हे देवळाली प्रवरेजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत. साखर काढून झाली की काळी दाट मळी उरते. तिच्यात पाणी घालायचं, यीस्ट सोडायचं, ते साखर खातं आणि दारू तयार होते, ती गाळून स्पिरिट काढायचं. एवढा साधा कारभार. पण स्पिरिट म्हटलं की सरकार आलं, आणि सरकार म्हणजे मी. स्पिरिटच्या प्रत्येक टाकीला दोन कुलपं होती, एकाची किल्ली कारखान्याची, दुसऱ्याची माझी. आम्ही दोघं समोरासमोर आल्याशिवाय एक थेंब हलायचा नाही. कारखान्याची किल्ली त्यांच्याकडं होती. त्यामुळं त्या माणसाचं तोंड मला दिवसातून चार वेळा बघावं लागे, आणि पहिले सहा महिने त्याचा मला वैतागच यायचा.

कॉलनीत त्यांना 'फसफसराव' म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागं फसफसराव. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते तिसगावच्या बाजूचे, कोरडवाहू मुलखातले. नगरला राहून बी.एस्सी. झालेले, पण बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच राहिलं होतं. मॅनेजरशी बोलतानाही 'न्हाई' आणि 'लई' सुटलं नाही. आयुष्य दारूच्या वासात गेलं, पण स्वतः थेंबाला शिवले नाहीत. चहासुद्धा पीत नसत. गुळाचा खडा तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी, हा त्यांचा चहा.

यीस्टला ते यीस्ट म्हणत नसत. मंडळी म्हणत. सकाळी कामावर आले की पहिला प्रश्न, "मंडळी जेवली का?" रात्रपाळीचा माणूस म्हणायचा, जेवली. मग कान लावून स्वतः खात्री करायचे. कुणी आजारी असलं, कुणाचं बाळंतपण असलं तर चौकशी नंतर, आधी मंडळी. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "भावजी, माझ्या लग्नाला बावीस वर्सं झाली. मी जेवले का, असं ह्यांनी चार येळा इचारलं आसंल. चारी येळा मी आजारी हुते."

दर रविवारी त्यांची फिरती असे. जुनी, धूर ओकणारी मोटारसायकल, पाठीला झोळी, झोळीत कापसाचे बोळे घातलेल्या काचेच्या नळ्या. शेवगावच्या बाजारात सडलेली सीताफळं, तिसगावला झाडाखाली पडलेली बोरं, कुणाच्या घरची आठ दिवस विसरलेली आंबील, काय दिसेल ते. वास घ्यायचे, आणि आवडला तर चिमूटभर नळीत. शेवगावला एका बाईनं त्यांना टोपलीतली चांगली पपई सोडून कुजकीच उचलताना पाहिलं आणि दया येऊन एक चांगली फुकट दिली. त्यांनी ती मला आणून दिली. कुजकी त्यांनी ठेवून घेतली.

प्रत्येक नळीवर मंडळी जिथं सापडली त्या जागेचं नाव. 'शेवगाव सीताफळ.' 'तिसगाव बोर, पाटलाचा बांध.' 'थोरल्या मेहुण्याची आंबील.' लॅबमध्ये कपाटाचे दोन खण भरून अशी नावं होती. मॅनेजरसाहेबांना हा प्रकार बघवत नसे. ते बाहेरगावचे, कायम पांढरा शर्ट, चांगले शिकलेले. पुण्याच्या लॅबमधून नीट शिक्क्यासह यीस्ट मागवता येत असताना आपला केमिस्ट उकिरडे हुंगत फिरतो, ही त्यांना कारखान्याची नाचक्की वाटे.

"त्या पुन्याच्या मंडळींला सावलीत जेवायची सवय," केमिस्ट मला म्हणाले होते. "पानी जरा तापलं की माना टाकत्यात. आपल्याकडं उन्हाळ्यात टाकी हात लावू देत न्हाई. आपल्याला आपल्या उन्हातली पायजेत."

हा त्यांचा ध्यास. साखर खाताना मंडळी स्वतःच तापतात, टाकी गरम होते. ती थंड ठेवायला बाहेरून कालव्याचं पाणी खेळवावं लागतं. पाणी कमी पडलं की टाकी तापते, यीस्ट मरतं आणि सगळी टाकी आंबून शिरक्यासारखी होते. मग ती नाल्यात. पाण्यावाचून, उन्हातान्हात जगणारी मंडळी मिळाली तर बारा महिने स्पिरिट निघेल, आणि ते स्पिरिट त्यांना बाटलीत नको होतं. त्यांना ते गाड्यांत घालायचं होतं.

त्यासाठी त्यांनी आमच्या खात्याकडं पाच लिटर स्पिरिटचा परवाना मागितला. कारण लिहिलं, 'मोटारसायकलला पाजणे.' वरच्या कचेरीत कुणी तरी अर्ज न वाचताच शेरा मारला: पिणाऱ्याचं नाव, वय आणि प्रकृतीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडावा. तेव्हा परवान्यावर पिणाऱ्यांना तो लागायचाच. मी अर्ज परत दिला आणि म्हटलं, नीट लिहा. त्यांनी नीट लिहिलं. नावाच्या जागी गाडीचा नंबर, वय अकरा वर्षं, प्रकृती 'सकाळी खोकला, एरवी बरी.' मी तसाच वर पाठवला. कितीतरी महिन्यांनी परवाना मंजूर होऊन आला, आणि अट अशी की वापर इन्स्पेक्टरच्या देखत व्हावा.

म्हणून मी मागच्या सीटवर. कार्बोरेटरचं भोक त्यांनी स्वतः कोरून मोठं केलेलं. सुरू होताना दोन थेंब पेट्रोल चाटवायला लागलं, मग जी निघाली ती देवळालीच्या बाजारातच थांबली, तीही हवालदारानं अडवली म्हणून. धुराला स्पिरिटचा असा घमघमाट होता की पारावरची माणसं उठून आली. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "मानसं पेल्याली न्हाईत रं, गाडीच पेल्याली हाय." हवालदार माझ्या खाकीकडं बघून जरा घुटमळला, पण कर्तव्य ते कर्तव्य. "साहेब, जरा हा करा," म्हणाला. दारूबंदीच्या इन्स्पेक्टरनं भर बाजारात पोलिसाच्या तोंडावर हा केला.

परतताना ते वळून वळून बोलत होते आणि गाडी खड्ड्यांतून चालली होती. "आपल्या जिल्ह्यात तेलाची हीर न्हाई म्हनत्यात. आवो, ऊस हाय, मळी हाय, मंडळी हायती! आनखी काय पायजे?" मी म्हटलं, समोर बघा. पुढं दोन-अडीच वर्षांत अरबांनी तेल महाग केलं आणि पेट्रोलच्या नावानं सगळे कपाळाला हात लावायला लागले, तेव्हा मला ते वाक्य आठवलं. त्या दिवशी मात्र मला फक्त पाठ शेकून घ्यायची होती.

त्यांना हवी होती ती मंडळी सापडली बाबूभाईंच्या गुऱ्हाळावर. बाबूभाई म्हणजे जुने गुळवे, काहिलीतला पाक नुसत्या बुडबुड्यांवरून ओळखणारे. रस उकळताना वर येणारी घाण ते झाऱ्यानं काढून काहिलीखालच्या चुलवणाशेजारच्या खड्ड्यात टाकत. खड्डा कायम गरम, हात घालवत नसे. त्यात हा माणूस नाक खुपसून बसला. वरून बाबूभाई म्हणत होते, "साब, उसमें क्या रख्खा है? लई घान हाय ती." पण त्या घाणीत बुडबुडे येत होते. एवढ्या उष्णतेत काही तरी जेवत होतं. नळीवर नाव पडलं, 'बाबूभाईचं चुलवण.' ती मंडळी त्यांनी वर्षभर जोपासली. लॅबमध्ये गरम पाण्यात ठेवायचे, मरायची नाहीत ती पुन्हा वाढवायचे, पुन्हा जरा जास्त गरम. लेकीला सासरची सवय करावी तसं चाललंय, असं वहिनी म्हणायच्या.

मोठ्या टाकीत ती घालून बघायची, एवढंच राहिलं होतं. मॅनेजरांनी ऊस आल्यावर बघू म्हटलं, आणि ऊस आलाच नाही. बहात्तरचं साल.

त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी नवीन काय लिहू? कालवा कोरडा पडला, कारखान्याची चिमणी थंड झाली, लोक खडी फोडायला गेले. डिस्टिलरीला मी माझं कुलूप घातलं, कारखान्यानं त्यांचं. वीज तोडली. लॅबमधलं सगळं टाकून देऊन खोली रिकामी करायचा मॅनेजरांचा हुकूम झाला. 'थोरल्या मेहुण्याची आंबील'सकट सगळ्या नळ्या नाल्यात गेल्या. मी तिथंच उभा होतो. एक नळी त्यांनी खिशात घातली ती मी पाहिली, पण न पाहिल्यासारखं केलं.

आणि मग त्र्याहत्तरच्या मे महिन्यात माझ्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी आली. ठसठशीत, पण जपून काढलेलं अक्षर, 'ळ'ची शेपटी जरा जास्तच लांब. 'कॉलनीतील केमिस्ट यांच्या घरी तीन माठ रसायन आहे. घरात वास मारतो. चौकशी व्हावी.'

रसायन म्हणजे हातभट्टीसाठी आंबवलेलं गुळाचं पाणी. ते नुसतं घरात ठेवणंही गुन्हा. दारू गाळलेली असायलाच हवी असं नाही. मी चिठ्ठी दोनदा वाचली. माठांत काय असणार हे मला वाचता क्षणी कळलं होतं. ती चिठ्ठी फाडून टाकता आली असती. आज वाटतं, फाडायला हवी होती. पण लेखी तक्रार आवक नोंदीत चढली होती, आणि मी तेव्हा नियमाला देव मानणारा माणूस होतो. खाकीचा कडकपणा अंगात उतरतो तो आधी डोक्यात उतरतो.

दोन पंच घेतले, कॉलनीचा वॉचमन आणि कँटीनवाला. भर दुपारी गेलो. ते ओसरीत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "या या इन्स्पेक्टर! बघा तर, बाहेर धोंडा फुटाय लागलाय उन्हानं, आन् मंडळी कशी जेवत्यात!" स्वतः हाताला धरून मला आत नेलं. तीन माठ, तोंडाला फडकी बांधलेली. त्यांना वाटलं मी बघायला आलोय.

मी पंचनामा काढला तेव्हा त्यांना कळलं. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. मी दोन बाटल्या नमुना भरला, बुचं लावली, लाख वितळवून सील केली, पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एक बाटली तपासणीला पाठवायची, एक माझ्या कचेरीत. उरलेला माल जागेवर नष्ट करायचा असा नियम. मी पहिला माठ उचलून परसात नेला.

"इन्स्पेक्टर," ते मागून म्हणाले, "जरा हळू वता."

एवढंच. मी हळू ओतला. तिन्ही हळू ओतले. भेगाळलेल्या जमिनीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं, वर नुसता फेस राहिला, तोही गेला. त्यांनी पंचनाम्यावर सही केली, कुठं करायची ते विचारून. जातमुचलक्यावर मी त्यांना तिथंच सोडलं. त्या माणसाला मी सोडलं, असं कागदावर लिहिलं.

मॅनेजरांनी त्यांची बदली स्टोअरला केली. रिकामी पोती मोजायची. ते रोज जात, मोजत, परत येत. रस्त्यात मी दिसलो तर नमस्कार करत. मला तो नमस्कार सहन होत नसे. मंडळी जेवली का, हे विचारणं बंद झालं. विचारणार कुणाला? वहिनी सांगत होत्या, गुळाचा खडाही तोंडात टाकत नाहीत, नुसतं पाणी पितात.

आठेक दिवसांनी वहिनी कचेरीत आल्या. त्यांनी शिपायाला पाणी आणायला पाठवलं आणि दार ओढून घेतलं.

"भावजी, त्या माठांतलं काई ऱ्हायलंय का?"

"एक बाटली पाठवली. एक आहे, पण ती सीलबंद. मला हात लावता येत नाही."

मग म्हणाल्या, "ती चिठ्ठी म्या लिवली हुती."

"तुम्ही?" मी विचारलं.

"काय करू? रेशनवर गूळ मिळायचा म्हैन्याला मूठभर. आमी मिलोच्या, त्या परदेशी तांबड्या जवारीच्या, भाकरी कोरड्या खायचो आन् गूळ माठात. पोरीला बाळंतपणाला आनायची हुती, म्हनलं तिला तरी द्यावा. म्या भांडले, रडले, ऐकत न्हाईत. म्हनलं तुमचं ऐकतील. तुमी येऊन रागवाल, दोन शबूद बोलाल, एखादा माठ कमी करायला लावाल. सगळं वतून द्याल असं मला काय ठावं? केस कराल असं वाटलं न्हवतं हो भावजी." आणि त्या रडायला लागल्या. "मानूस जेवायचा थांबलाय माझा."

ओळखीचा इन्स्पेक्टर म्हणजे घरचा मोठा माणूस, तो येऊन रागवेल, असं त्यांना वाटलं होतं. आणि मला वाटलं होतं, लेखी तक्रार म्हणजे लेखी तक्रार. दोघांच्या चुका एकमेकींना भेटल्या होत्या.

दोन दिवसांनी, सकाळी मी हजेरी लिहीत असताना मुद्देमालाच्या कपाटात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. शिपाई टेबलाखाली. मी कपाट उघडलं. बाटलीचं बूच उडालं होतं. लाखेचं सील, पंचांच्या सह्या, सगळं कपाटाच्या छताला चिकटलं होतं आणि बाटलीच्या तोंडातून फेस ओघळत होता. एवढ्या तापलेल्या कपाटात, बंद बाटलीत, मंडळी जेवत होती.

मी शिपायाला साक्षीला धरून लिहिलं, 'बूच आपोआप उडाले.' हे खरं होतं. मग नियमाप्रमाणं पुढचं वाक्य लिहिलं, 'उर्वरित नमुना निरुपयोगी झाल्याने नष्ट केला.' आणि बाटली घेऊन मोरीवर गेलो. ती वाकडी केली, तेवढ्यात तो वास नाकात गेला, आंबूस, गोडसर, थोडा चुलवणाच्या धुराचा. ते म्हणायचे, वास म्हणजे पत्र हाय, वाचता आलं पायजे. मला तरी ते एवढंच वाचता आलं की आम्ही जिवंत आहोत. मी बाटली सरळ केली. सगळ्या नोकरीत मी लिहिलेलं ते एकच खोटं वाक्य, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शिपायाला म्हटलं, "केमिस्टसाहेबांच्या घरी वहिनींना सांग, गूळ घेऊन बोलावलंय." तो लगेच निघाला. तो कॉलनीतलाच होता, त्याला सगळं ठाऊक होतं.

त्यानंतर दर मंगळवारी वहिनी पदराला गुळाचा खडा बांधून यायच्या. पाणी उकळून निववायचं, त्यात गूळ विरघळवायचा, बाटलीतलं मडक्यात आणि मडक्यातलं बाटलीत. जप्त केलेल्या हातभट्टीच्या पितळी भांड्यांमागं आमचं मडकं. दारूबंदीच्या कपाटात, दारूबंदीच्या कुलपात, रसायन. त्यांना सांगू या का, मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नगं. मेलं तर? दुसऱ्यांदा न्हाई सोसायचं त्यांला." तपासणीला पाठवलेल्या बाटलीचं कळलं ते असं, की एस.टी.तच तिचंही बूच उडालं आणि तिच्याबरोबर कुणाच्या तरी धोतरजोडीचीही वाट लागली. नमुनाच नाही म्हणून केस बंद झाली. मंडळींनी आपला जामीन आपणच दिला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. ऊस यायला अवकाश होता, पण खड्ड्यांत जुनी मळी पडून होती, म्हणून आधी डिस्टिलरी सुरू करायचं ठरलं. पुण्याचं यीस्ट आलं. कालव्याला पाळीपाळीनं पाणी, तेही कोमट. पहिली टाकी दुसऱ्याच दिवशी मेली. दुसरीही. नाल्यात काळं आंबट पाणी वाहायला लागलं आणि संचालकांकडून निरोप आला, तिसरी गेली तर डिस्टिलरी यंदा बंद. साठ-सत्तर माणसं, वर्षभर खडी फोडून नुकतीच परत आलेली, टाकीकडं बघत उभी होती.

मी कुलूप उघडलं, मडकं उचललं आणि वहिनींना बरोबर घेऊन स्टोअरला गेलो. ते पोत्यांच्या थप्पीवर बसून मोजत होते. मी मडकं पुढं ठेवलं आणि फडकं सोडलं.

त्यांनी नाक खाली नेलं. एकदा. दुसऱ्यांदा.

"चुलवणवाली," ते म्हणाले. "ही चुलवणवाली हायती. कुठं हुती?"

"माझ्या कपाटात."

त्यांनी तिसऱ्यांदा वास घेतला, जरा जास्त वेळ, आणि मग हळूच मान वळवून वहिनींकडं बघितलं.

"ह्यो आपल्या रेशनचा गूळ," ते म्हणाले. "दर बारीला खडा जास्त घालतीस तू. मंडळींला अजीर्ण झालंय."

वहिनी रडत होत्या आणि हसत होत्या. ते मडक्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बादली आना. उकळतं पानी आना. कोन हाय रं तिकडं?" मी कित्येक महिन्यांत तो आवाज ऐकला नव्हता.

मडक्यातून बादलीत, बादलीतून पिपात, पिपातून टाकीत, तीन दिवस लागले. ते घरी गेलेच नाहीत. मॅनेजर पांढऱ्या शर्टात लांब उभे होते. नाही म्हणावं तर त्यांच्याजवळ दुसरा उपाय उरला नव्हता. टाकी तापत गेली. पहिल्या दोन टाक्या ज्या उष्णतेला मेल्या होत्या तिथं आली, त्याच्यापुढं गेली. लोखंडाला हात लावला तर झटकन काढावा लागत होता. त्यांनी पंच्याची घडी करून टाकीवर ठेवली, तिच्यावर कान ठेवला, आणि एक बोट वर केलं.

"जेवत्यात," ते म्हणाले.

मग बाजूला सरकून मॅनेजरसाहेबांना जागा करून दिली. ते पुढं आले, वाकले आणि त्यांनीही कान लावला. सरळ झाले तेव्हा त्यांच्या कानाला गंज लागला होता. तो पुसायला ते विसरून गेले.

माझी बदली त्यानंतर लवकरच झाली. निघताना त्यांनी माझ्या हातात कापसाचा बोळा घातलेली एक नळी ठेवली. मंडळी जिथं सापडली त्या जागेचं नाव लिहायची त्यांची पद्धत. 'बाबूभाईचं चुलवण' खोडलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दारूबंदी कपाट.' ती नळी मी पुढच्या गावी सांभाळली नाही. माझ्याकडून तेवढं झालं नाही, तीही कबुली देऊन टाकतो. चिठ्ठी कुणी लिहिली हे मात्र मी त्यांना कधीच सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

दरवर्षी दिवाळीत त्यांचं एक कार्ड यायचं. मजकूर एकच. 'मंडळी खुशाल आहेत. आपली आठवण काढतात.' बरीच वर्षं आलं. मग एका वर्षी दिवाळी गेली तरी आलं नाही, आणि संक्रांतीच्या सुमारास आलं ते दुसऱ्याच अक्षरात. ते अक्षर मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, पण लगेच ओळखलं. 'ळ'ची शेपटी तशीच लांब.

'श्री. भाऊजींस नमस्कार. हे मागच्या महिन्यात गेले. शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती, पण मंडळी जेवली का म्हणून विचारीत होते. मी जेवली म्हणून सांगितले. डिस्टिलरीतून थोडी मागून आणून घरी माठात ठेवली आहेत. दर मंगळवारी गूळ घालते, जास्त घालत नाही. घरात वास येतो. कोणी तक्रार केली तर छाप्याला तुम्हीच यावे.'